बॉक्सिंगमध्ये हात खाली ठेवून खेळणं: कोणाला परवडतं?

कोपऱ्यातून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बरीच वर्षं मुलांना बॉक्सिंग शिकवतोय. हल्ली एक गोष्ट जवळजवळ रोज दिसते. पोरगा बॅगसमोर उभा राहतो. पहिलं मिनिटभर हात गालाशी असतात, मग छातीशी येतात, मग कमरेला. हटकलं की उत्तर तयार असतं, "सर, रॉय जोन्स पण असाच खेळायचा." लगेच मोबाईलवर ती क्लिप निघते. जोन्स दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा आहे आणि पुढच्याच क्षणी त्याच्या उजव्या हाताने समोरचा आडवा झालाय.

क्लिप खरीच आहे. फेब्रुवारी २००२, ग्लेन केलीविरुद्धची लढत, सातवा राउंड. पण हा सातवा राउंड होता, याकडे पोरांचं लक्ष जात नाही. आधीच्या सहा राउंडमध्ये जोन्सने केलीचा वेग, त्याची लय, ठोसा मारण्याआधी त्याचं काय हलतं, हे सगळं जोखून घेतलं होतं. हौशी लढतीत तीन-तीन मिनिटांचे तीनच राउंड असतात. समोरच्याचा अंदाज येईपर्यंत लढत संपलेली असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हात खाली ठेवून खेळणाऱ्याचा बचाव अंतरावर चालतो, आणि अंतर राखायचं ते पायांनी. ज्याचे पाय तयार नाहीत त्याने हात खाली घेतले तर त्याच्याकडे बचावाला काहीच उरत नाही.

फायदे आहेत, नाकारत नाही. हात खाली असला की खांदे सैल राहतात आणि सैल खांद्यातून ठोसा जास्त झटक्यात निघतो. कमरेपासून वर येणारा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) समोरच्याच्या नजरेच्या खालून येतो, म्हणून उशिरा दिसतो. टॉमी हर्न्सचा डावा हात पाहा. खाली लोंबतोय असं वाटायचं आणि तिथूनच चाबकासारखा यायचा. शिवाय स्वतःच्या ग्लोव्हजची आडकाठी नसल्याने समोरचं सगळं मोकळं दिसतं. आणि उघडा चेहरा पाहून समोरच्याला मारायचा मोह होतो. तो झेपावला की त्याचा तोल पुढे जातो, तिथे त्याला गाठता येतं.

आता दुसरी बाजू. डोळ्याने पाहून शरीर हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. जवळून सुटलेला जॅब त्याहून कमी वेळात पोचतो. म्हणजे ग्लोव्ह येताना पाहून कोणीच वाचत नाही, जोन्सही वाचत नव्हता. खांदा, कमर, पुढचा पाय यांच्या हालचालीवरून ठोसा सुटायच्या आतच अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज चुकला तर गालाशी असलेला हात नुसता वळवून काम भागतं. कमरेशी असलेल्या हाताला मात्र वर यायला वेळच मिळत नाही.

आणि हा अंदाज, ही चपळाई वयाबरोबर जाते. जोन्स १९९५ मध्ये विनी पाझिएन्झाशी खेळला तेव्हा चौथ्या राउंडमध्ये पाझिएन्झाचा एकही ठोसा लागल्याची नोंद नाही. तोच जोन्स ३५ व्या वर्षी, १५ मे २००४ ला, अँटोनियो टार्वरच्या डाव्या हाताने दुसऱ्या राउंडमध्ये पडला. त्याच सप्टेंबरात ग्लेन जॉन्सनने त्याला नवव्या राउंडमध्ये बाद केलं. पोरांच्या मोबाईलमध्ये या दोन लढती मला कधी दिसल्या नाहीत.

तुम्ही लोक मुलांना हात खाली घेऊ देता का? देत असाल तर कधीपासून आणि कशा अटींवर?

---

दोराजवळ

चांगला विषय काढलात सर. पण "हात खाली" या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, त्या आधी सुट्या करायला हव्यात.

पहिली, दोन्ही हात खाली, लांब अंतर, मान आणि कंबर मागे घेऊन ठोसे चुकवणं. अली, जोन्स, नसीम हमेद. इथे तुम्ही म्हणता तसं सगळं पायांवर.

दुसरी, पुढचा हात पोटावर आडवा, हनुवटी पुढच्या खांद्याआड, मागचा हात गालाशी. शोल्डर रोल. जेम्स टोनी, मेवेदर. लोक याला लो गार्ड (हात खाली ठेवून बचाव) म्हणतात, पण यात हनुवटी उघडी नसते. खांदा, कोपर, मागचा पंजा, प्रत्येकाला ठरलेलं काम आहे. पोरांना फक्त खाली गेलेला हात दिसतो. वर आलेला खांदा दिसत नाही.

तिसरी, जॅब मारून हात परत येताना गालाशी न येता छातीशी येणं. ही शैली नाही, ही खोड आहे, आणि सर्वात जास्त मार तिच्यामुळेच बसतो. जो लुईससारख्या माणसाला ही होती. मॅक्स श्मेलिंगने लुईसच्या लढतींच्या फिल्म पाहून ती हेरली. १९ जून १९३६ ला जॅब परत येताना त्यावरून उजवा मारत राहिला आणि तोवर अजिंक्य असलेल्या लुईसला बाराव्या राउंडमध्ये बाद केलं.

अलीचंही तसंच. तो उजवा अपरकट (खालून वर मारायचा ठोसा) मारताना हात खाली नेतो, हे त्याचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझरच्या प्रशिक्षकांपैकी एडी फ्यूचने हेरलं होतं. ८ मार्च १९७१, पंधरावा राउंड. अलीचा उजवा हात खाली गेला आणि फ्रेझरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) थेट जबड्यावर बसला. अली उठला, लढत पूर्ण केली, पण हरला.

---

सरळ_उजवा

दोराजवळ यांना +१. लुईसच्या उदाहरणाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. त्याने दोन वर्षांत ती खोड घालवली आणि २२ जून १९३८ ला श्मेलिंगला पहिल्याच राउंडमध्ये, १२४ सेकंदांत संपवलं. जगातला सर्वोत्तम हेवीवेट जॅब परत कुठे आणायचा हे नव्याने शिकू शकतो, तर सोळा वर्षांच्या पोराला त्यात कमीपणा कसला?

---

साउथपॉ_रेवती

मी स्वतः पुढचा हात खाली ठेवून खेळते, म्हणून लिहिते आहे.

मी साउथपॉ, म्हणजे माझा उजवा हात आणि पाय पुढे. हा हात बेंबीच्या जरा वर. डावा पंजा गालाला चिकटलेला, तो कधीच खाली येत नाही. समोरची मुलगी बहुतेक वेळा ऑर्थोडॉक्स (डावा हात आणि पाय पुढे) आणि माझ्याहून उंच असते. अशा वेळी मी पुढचा हात वर ठेवला तर ती तिच्या डाव्या हाताने तो थोपटत बसते, दाबून ठेवते, आणि माझा जॅब सुरूच होत नाही. हात खाली असला की तिला थोपटायला काही मिळत नाही. माझा जॅब तिच्या दोन्ही कोपरांच्या मधून वर येतो.

मी तिच्या ग्लोव्हजकडे बघत नाही. बघते तिच्या छातीकडे, आणि डोळ्याच्या खालच्या कडेने तिचा पुढचा गुडघा जाणवत राहतो. गुडघा वाकून वजन पुढे आलं की उजवा हात येणार. त्याच क्षणी मी माझा पुढचा पाय तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाकते. तिचा उजवा माझ्या डाव्या कानाजवळून जातो आणि माझा डावा सरळ तिच्या हनुवटीवर असतो. हे जमतं तेव्हा फार छान जमतं, खोटं कशाला बोलू.

आता धोका. शोल्डर रोल ही ऑर्थोडॉक्सविरुद्ध ऑर्थोडॉक्स अशा जोडीसाठी जास्त सोयीची युक्ती आहे. तिथे समोरच्याचा उजवा तुमच्या पुढच्या, म्हणजे डाव्या खांद्याच्या बाजूने येतो आणि खांद्यावरून घसरतो. उलट स्टान्सची, म्हणजे एक ऑर्थोडॉक्स आणि एक साउथपॉ अशी जोडी असेल तर मागचा सरळ ठोसा तुमच्या उघड्या बाजूने येतो. तिथे पुढचा खांदा उपयोगाचाच नाही. वाचवणारा असतो फक्त मागचा पंजा.

सरांनी दिलेलं उदाहरण याच नजरेने पुन्हा बघा. टार्वर साउथपॉ, जोन्स ऑर्थोडॉक्स, ठोसा टार्वरचा मागचा डावा. त्याआधीचं हेरोल ग्रॅहमचं पण तसंच. नोव्हेंबर १९९०, ज्युलियन जॅक्सनविरुद्ध. साउथपॉ ग्रॅहम हात खाली ठेवून सुरेख खेळत होता. जॅक्सनचा डोळा सुजून मिटत चालला होता. चौथ्या राउंडमध्ये ग्रॅहम संपवायला पुढे गेला आणि जॅक्सनच्या एका उजव्या ठोशात लढत संपली. स्टान्स उलट, बाजू उघडी, ठोसा मागच्या हाताचा. माझ्या कोच मला ही लढत दरवर्षी एकदा तरी बघायला लावतात.

---

नवशिका

रेवतीताई, छान समजावलंत. ग्रॅहमची लढत आत्ताच शोधून पाहिली. अंगावर काटा आला.

---

तिसरी_फेरी

थोडा विरोधी सूर लावतो. धाग्यात असं चित्र उभं राहतंय की हात वर म्हणजे सुरक्षित. तसं नाही.

मार्च २०१० ची पॅकियाव विरुद्ध जोशुआ क्लॉटी लढत आठवा. क्लॉटीचा गार्ड उंच आणि घट्ट. पॅकियावने बाराशेहून अधिक ठोसे फेकले. क्लॉटी बारा राउंड उभा राहिला, पण गार्डच्या आडून बाहेरच येईना, आणि मोठ्या फरकाने हरला. दोन्ही हात चेहऱ्यावर असले की डोळ्यांसमोर ग्लोव्ह, बरगड्या उघड्या, आणि मारायचं तर आधी गार्ड मोडावा लागतो. घट्ट गार्डमागे उभं राहणारा मुलगा राउंडमध्ये ग्लोव्हजवर, दंडांवर, डोक्याच्या बाजूंवर किती ठोसे घेतो, कधी मोजलंय का कोणी?

दुसरं, सरावात १६ औंसाचे ग्लोव्हज असतात. ते गालाशी लावले की अर्धा चेहरा झाकला जातो आणि मुलांना वाटतं आपला बचाव पक्का. लढतीत १० किंवा १२ औंसाचे घातले की त्याच फटींतून ठोसे आत येतात. ग्लोव्हजच्या आड लपायला शिकलेला मुलगा तिथे गोंधळतो.

मला वाटतं मुलांना चुकवायला शिकवलं पाहिजे. मान, कंबर, पाय. आणि ते हात थोडे सैल केल्याशिवाय येत नाही. सर, तुमच्या धाग्यातून नवीन कोच मंडळींनी "हात वर" एवढंच उचललं तर ताठ, घाबरलेले बॉक्सर तयार होतील.

---

कोपऱ्यातून

तिसरी_फेरी, मुद्दा मान्य. १६ औंसाच्या ग्लोव्हजचं तर शंभर टक्के. त्यासाठी आम्ही फक्त जॅबचं स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) मुद्दाम लहान ग्लोव्हज आणि हलक्या हाताने करून घेतो. कोणत्या फटीतून काय येतं ते मुलांना कळतं.

पण चुकवायला शिकवणं आणि हात खाली घेऊ देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हात गालाशी ठेवून स्लिप (डोकं बाजूला घेऊन ठोसा चुकवणं) शिकता येते, मागे सरकणं शिकता येतं. किंबहुना तसंच शिकवावं, म्हणजे अंदाज चुकला तर शिकण्याची किंमत जबड्याने मोजावी लागत नाही.

---

दोराजवळ

उंचीबद्दल कोणी बोललं नाही. अली, हर्न्स, हल्लीचा फ्युरी, सगळे आपल्या वजनगटात उंच आणि लांब हातांचे. समोरच्याला पोचायलाच एक पाऊल जास्त लागतं. त्या एका पावलाच्या वेळेत हात खाली ठेवणं परवडतं. तरीही फ्युरी २०१३ मध्ये कनिंगहॅमच्या लांबून आलेल्या उजव्याने पडला होताच. उठून जिंकला ही गोष्ट वेगळी.

---

सरळ_उजवा

मग नसीम हमेदचं काय? फेदरवेट, त्यातही बुटका, आणि हात गुडघ्यांपर्यंत खाली.

---

दोराजवळ

हमेदच्या दोन्ही हातांत एका ठोशात लढत संपवायची ताकद होती. त्या धाकामुळे समोरचे पूर्ण जोर लावून मारायचेच नाहीत. अर्धं लक्ष आपला जबडा वाचवण्यात. म्हणजे त्याचा गार्ड समोरच्याच्या मनात होता असं म्हणा. डिसेंबर १९९७ मध्ये केव्हिन केली हा धाक न बाळगता भिडला, तर हमेद तीन वेळा खाली गेला. चौथ्या राउंडमध्ये केलीला संपवलं म्हणून बरं.

आणि ७ एप्रिल २००१ ला बरेराने काय केलं ते शांतपणे पाहा. तो आमिषाला भुललाच नाही. हमेदची सगळी मांडणी समोरच्याने झेपावण्यावर उभी होती. बरेरा लांब राहिला, जॅब टाकत राहिला, हमेद आत आला की डावा हुक. बारा राउंड तेच. हमेदला व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला आणि एकमेव पराभव असा मिळाला. खाली सोडलेल्या हातांचं आमिष न घेणारा भेटला की खेळाडूकडे दुसरी योजना आहे का, हे लगेच उघड होतं.

---

डॉ_शांत

मी बॉक्सर नाही. मेंदूच्या इजांचे रुग्ण पाहतो आणि या खेळावर मनापासून प्रेम करतो. दोन मुद्दे.

न दिसलेला ठोसा जास्त घातक का? ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू क्षणभर आधी आवळले जातात, हनुवटी आत जाते, डोकं धडाबरोबर हलतं. न दिसलेल्या ठोशाला मान सैल असते. डोकं गर्रकन फिरतं आणि कवटीच्या आत मेंदू पिळवटतो. हनुवटीवर बाजूने बसलेल्या हुकने माणूस शुद्ध हरपतो ते यामुळे. हात खाली ठेवणाऱ्याला एरवी कमी ठोसे लागत असतीलही, पण जो लागतो तो बहुधा अंदाज चुकल्यामुळे लागतो, म्हणजे याच जातीचा असतो.

दुसरा मुद्दा असा की चुकवण्यात पटाईत असलेला माणूसही कायमचा सुरक्षित नसतो. विल्फ्रेड बेनितेझ १९७६ मध्ये सतराव्या वर्षी विश्वविजेता झाला. ठोसे आधीच ओळखतो म्हणून त्याला "रडार" म्हणत. चपळाई गेल्यावरही तो लढत राहिला, आणि पुढे मेंदूच्या इजेमुळे त्याला कायम दुसऱ्यांच्या देखभालीखाली राहावं लागलं. बॉक्सरच्या मेंदूला साचत जाणाऱ्या इजेचं वर्णन वैद्यकीय साहित्यात १९२८ पासून आहे. शुद्ध न हरपणारे छोटे धक्केही या साचण्यात धरावे लागतात, आणि त्यातले बरेचसे सरावातच बसतात.

कोच मंडळींना कळकळीची विनंती. स्पारिंगमध्ये डोक्यावर जोराचा ठोसा बसून मुलगा क्षणभर जरी गांगरला, डोकं दुखतंय म्हणाला, तर त्या दिवसाचं स्पारिंग तिथेच थांबवा, आणि डॉक्टरने तपासून परवानगी दिल्याशिवाय पुन्हा रिंगमध्ये घेऊ नका. "हेडगार्ड होतं ना" यावर विसंबू नका. हेडगार्डने कापलं-फुटलं कमी होतं, मेंदू हलायचा थांबत नाही.

---

तिसरी_फेरी

डॉक्टर, धन्यवाद. वाचनखूण साठवली. आमच्या पालकसभेत हे वाचून दाखवणार आहे.

---

नवशिका

एक साधा प्रश्न विचारू का? मला हात खाली ठेवायची हौस अजिबात नाही, पण तिसऱ्या राउंडमध्ये खांदे भरून येतात आणि हात आपोआप खाली येतात. डंबेल्स घेऊन शॅडो (हवेत ठोसे मारायचा सराव) करू का?

---

कोपऱ्यातून

प्रश्न अगदी योग्य विचारलास. जड डंबेल्स नकोत. त्याने ठोशाची दिशा बिघडते आणि खांदा दुखावतो.

आधी आरशासमोर उभा राहा आणि कोपरं बघ. बहुतेकांचे खांदे भरतात कारण कोपरं बाहेर फाकलेली असतात आणि खांदे कानापर्यंत चढलेले असतात. कोपरं बरगड्यांना टेकव. खांदे सोड. आता पंजे गालाशी आण. वजन खांद्यावर न येता कोपराखालच्या बरगड्यांवर येतं, हे तुला लगेच जाणवेल. अशा स्थितीत हात बराच वेळ वर राहतात.

मग जॅब. प्रत्येक जॅबनंतर पंजा गालाला खरोखर लागला पाहिजे, ग्लोव्हचा स्पर्श जाणवला पाहिजे. समोर पॅड धरणाऱ्याला सांग, जॅब परत येताना त्याच बाजूच्या गालावर पॅडने हलकी टपली मारायची. हात वेळेवर आला तर टपली ग्लोव्हवर, नाही आला तर गालावर. काही आठवड्यांत हात आपसूक घरी यायला लागतो. हे सगळं दमल्यावर, सरावाच्या शेवटी करायचं, कारण खोड दमल्यावरच उघडी पडते.

आणि श्वास. ठोशाबरोबर श्वास सोडत नसशील तर खांदे भरणारच.

---

साउथपॉ_रेवती

सर, यात एक भर. दम लागलाय हे कळलं की हात वर ठेवायची धडपड करण्याआधी दोन पावलं मागे आणि एक बाजूला जा. फक्त सरळ मागे जाऊ नकोस, पाठ दोराला लागते आणि मग मागे झुकायला जागाच राहत नाही. हात खाली असताना दोराला पाठ टेकणं यासारखी वाईट जागा रिंगमध्ये दुसरी नाही.

---

सरळ_उजवा

सर, तुम्ही मूळ प्रश्न विचारलात पण स्वतःच्या अटी सांगितल्या नाहीत. तुम्ही कधी परवानगी देता?

---

कोपऱ्यातून

सांगतो. पहिल्या वर्षात कोणालाच नाही. त्यानंतर ज्याचा जॅब दमल्यावरही गालाशी परत येतो आणि जो रिंगमध्ये दोराला न लागता पूर्ण राउंड फिरू शकतो, त्याला पुढचा हात छातीपर्यंत खाली घेऊ देतो, आधी फक्त जॅबच्या स्पारिंगमध्ये. मागचा पंजा गालाशीच. दोन्ही हात खाली घ्यायला मी आजवर कोणालाही शिकवलेलं नाही आणि शिकवणारही नाही. कोणाच्या अंगात ती उपजत चपळाई असेलच तर ती दिसते, पण तिच्या भरवशावर मुलाला रिंगमध्ये सोडणं मला पटत नाही.

रेवतींचं वाचल्यावर एक अट वाढवतोय. ज्याला पुढचा हात खाली घ्यायचा आहे त्याने आधी उलट स्टान्सच्या जोडीदाराबरोबर पुरेसं खेळून दाखवायचं, आणि त्याच्या मागच्या सरळ ठोशाला मागच्या पंजाने अडवून दाखवायचं. आमच्याकडे साउथपॉ मुलं कमी आहेत. तोवर पॅड धरताना मीच उजवा पाय पुढे ठेवून उभा राहीन. सोमवारपासून सुरू करतोय, काय दिसलं ते इथेच लिहितो.